पऱ्हाटीचं बिऱ्हाड

मी माणूस आहे हे सिद्ध करण्याची वेळ माझ्यावर वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आली, आणि तीही एका यंत्रासमोर. उभी हयात यवतमाळच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेली. माझ्या माणूसपणाबद्दल विद्यार्थ्यांना अधूनमधून शंका आली असेल, पण ती त्यांनी बाकावर कोरली, तोंडावर नाही विचारली. या कंपनीनं मात्र सरळ पडद्यावर लिहिलं, की आपला ब्लॉग एखादं यंत्र चालवत असल्याचा आम्हाला संशय आहे, सबब तो बंद करण्यात आला आहे. आपण माणूस असल्यास खालील अक्षरं ओळखून दाखवा.

खालील अक्षरं! वाकडी, तिकडी, एकमेकांच्या अंगावर पडलेली, वर कोणीतरी रेघोट्या मारलेली. असं अक्षर बारावीच्या पोरानं काढलं असतं तर मी त्याच्या बापाला बोलावून घेतलं असतं. मी ओळखली. यंत्र म्हणालं, चूक. पुन्हा ओळखली. पुन्हा चूक. मागे उभे राहून आमचे हे, म्हणजे वामन, म्हणाले, "सुनीती, खरंच विचार कर. तू नक्की माणूसच ना?" उत्तर म्हणून मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

ब्लॉगचं नाव 'पऱ्हाटी'. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. वास्तविक मी तो सुरू केला होता ललित लेखनासाठी. 'उन्हाळी दुपारचं चिंतन' हा माझा लेख त्यावर बरेच महिने होता आणि त्याला एकच अभिप्राय आला होता, तोही अक्षरं नीट उमटतात का हे पाहायला मीच टाकलेला. मग एकदा कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले असता पाहिलं, की कापूस खरेदी केंद्राला कुलूप आणि बाहेर बैलगाड्यांची ही एवढी रांग. कोणी सांगितलंच नव्हतं की आज केंद्र बंद आहे. मी घरी येऊन संतापानं चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळी जितक्या लोकांनी वाचल्या तितक्यांनी माझं चिंतन सात जन्मांत वाचलं नसतं.

तेव्हापासून लोकच फोन करून सांगायला लागले, कुठलं केंद्र सुरू, कुठलं बंद, कुठे कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नाही, कुठे काटा बिघडला. मी रोज ते लिहायचे. कळंबच्या स्टँडवरचा इंटरनेट कॅफेवाला ते वाचून बाहेरच्या फळ्यावर उतरवायचा. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं. मुंबईहून येणारे बातमीदार तेवढंच विचारायचे आणि निघून जायचे. उद्या गाडी कुठे न्यायची, हे कोणी छापत नव्हतं.

आता माझ्या ब्लॉगवर रोज काय असणार? 'कळंब बंद. राळेगाव सुरू. वणी, काटा नादुरुस्त.' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'कळंब बंद. राळेगाव सुरू. वणी, काटा नादुरुस्त.' रोज इतकं तेच ते लिहिणारा प्राणी माणूस असूच शकत नाही, असं त्या यंत्राला वाटलं. त्या यंत्रानं आमची खरेदी केंद्रं पाहिलेली नव्हती.

पुढे कोणत्या तरी देवाला दया आली आणि कंपनीनं मला माणसांत जमा केलं. माफी वगैरे काही नाही. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. कळंबजवळच्या तांड्यावरचे किसनसिंग राठोड म्हणून एक कापूसवाले आहेत, त्यांचा फोन आला. "मॅडम, फळ्यावर काई लिवेल नोतं, म्हनून गाडी घिऊन गेलतो. केंद्र बंद. दोन दिस बैलं तिथंच उभी होती." तक्रारीचा सूर नव्हता. नुसती माहिती दिली. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

मी ठरवलं, हे भाड्याचं घर सोडायचं. जिथला मालक वाटेल तेव्हा कुलूप लावून 'तुम्ही माणूस आहात का' विचारतो, तिथे अब्रूदार माणसानं राहू नये. पऱ्हाटीला स्वतःचं घर हवं. स्वतःचा सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी अय्याजला बोलावलं. अय्याजचं दत्त चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी, मराठीत काठावर पास. पण आत्मविश्वास असा, की न्यूटनला भेटला असता तर त्यालाही म्हणाला असता, सफरचंद मी बसवून देतो.

"टेन्शनच नका घेऊ मॅडम," अय्याज म्हणाला. "सर्व्हर म्हंजे काय वो? कॉम्प्युटरच. फक्त बंद नाई करायचा."

"या गावात बंद न होणारी एक वस्तू दाखव," वामन पेपरातून म्हणाले. ते आयुष्यभर बांधकाम खात्यात होते. त्यामुळे काहीही उभं राहील यावर त्यांचा विश्वास नाही.

अय्याजचं म्हणणं, अमेरिकेत जागा भाड्यानं मिळते, तिथं ठेवू. मी कडाडले. भाड्याच्या जागेतून निघून पुन्हा भाड्याच्याच जागेत, तेही अमेरिकेत? सर्व्हर माझ्या घरात राहील, माझ्या डोळ्यांसमोर! हा निर्णय माझाच होता आणि आजही मला तो तत्त्वतः बरोबर वाटतो.

शेजारचे उत्तमसिंग जाधव लगेच आले. ते वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांना जंगलात न सांगता आलेले सगळे सल्ले आम्हाला मिळतात. "वैनी, ईशान्येले ठेवा," ते म्हणाले. "झरी जामणीले आमचा वायरलेस होता. नैऋत्येले ठेवला तं नुसता खरखर करे. ईशान्येले सरकवला तं थेट नागपूर लागे." आमच्या ईशान्येला न्हाणीघर आहे, हे सांगितल्यावर त्यांनी न्हाणीघर हलवण्याचा सल्ला दिला.

शेवटी सर्व्हर बैठकीत, दिवाणाच्या डोक्याशी बसला. काळा डबा, वर बारीक निळा दिवा, आणि रात्रंदिवस घूंऽऽ असा आवाज. वामन म्हणाले, माझी आई गेल्यापासून घरात इतकं सतत कोणी कुरकुरलं नव्हतं.

अय्याजनं बेत समजावला. तो बेत चांगला होता, हे मी आजही कबूल करते. जुना ब्लॉग चालूच ठेवायचा. त्यातला सगळा मजकूर उचलून नव्या घरी नक्कल लावायची. सगळं नीट बसलं की मग नाव हलवायचं. ब्लॉगचं नाव माझ्याच मालकीचं होतं, फक्त त्याची पाटी कंपनीच्या दारावर लावलेली होती. ती काढून आपल्या दारावर लावायची. "वाचनाऱ्याले कळनार बी नाई की बिऱ्हाड हाललं," अय्याज म्हणाला. "फक्त मॅडम, तुमच्या लाईनीले कायमचा पत्ता पायजे. रोज नंबर बदलला तं लोकाईले दार कसं घावल?"

म्हणून मी टेलिफोनच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या साहेबांना म्हटलं, "मला कायमचा पत्ता हवा आहे."

"रेशनकार्ड आणलं?"

"घराचा नाही. इंटरनेटचा."

"इंटरनेट कुठे आहे?"

"घरी."

"मग घराचाच झाला ना. रेशनकार्ड आणा."

मी शांतपणे, अकरावीच्या वर्गाला समास शिकवावा तसं, सगळं समजावलं. साहेबांनी चहा संपेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "कंपनी आहे का तुमची?"

"नाही."

"मग नाही मिळत. कायमचा पत्ता कंपनीला. व्यक्तीचा काय भरवसा? आज आहे, उद्या नाही."

हे मला, तोंडावर! ज्या गावात मी एका वर्गात बापाला आणि पुढे त्याच वर्गात मुलाला शिकवलं, तिथे माझा भरवसा नाही! आणि वेशीवरची सूतगिरणी, जी माझ्या डोळ्यांदेखत उघडली आणि माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली, तिचा पत्ता मात्र कायमचा! एरवी मी प्रमाण मराठी बोलते, पण संताप झाला की माझी वऱ्हाडी वर येते. "काहून जी," मी म्हटलं, "तुमची खिडकी तरी कायमची हाय का?" साहेबांनी ती लावून घेतली.

अय्याजनं यावरही तोड काढली. एक चुगलखोर प्रोग्रॅम बसवला. आमचा नंबर बदलला की तो धावत जाऊन इंटरनेटवर नावांच्या पाट्या सांभाळणाऱ्या पाटीवाल्याला नवा नंबर सांगायचा. घरात दिवसभर घूंऽऽ आणि वर चुगल्या. सुनेची उणीव भरून निघाली, असं वामन म्हणाले.

मग मजकूर हलवला. अय्याजनं ऐटीत कळ दाबली आणि पऱ्हाटीचं नवं घर पडद्यावर उघडलं. सगळे लेख जागच्या जागी होते. फक्त अक्षरं नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह. शीर्षकापासून शेवटपर्यंत प्रश्नचिन्हांच्या रांगाच रांगा. नव्या मशीनला मराठी येत नव्हतं, आणि येत नाही हे तिनं आधी सांगितलंही नव्हतं.

वामननी चष्मा लावून 'उन्हाळी दुपारचं चिंतन' नीट पाहिलं. "पहिल्यांदाच मला हा लेख समजला," ते म्हणाले.

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

चूक अय्याजचीच होती. मजकूर भरण्याआधी मशीनला कोणत्या लिपीत ठेवायचं ते सांगावं लागतं, ते तो विसरला होता. हे त्यानं कबूल केलं नाही. "थोडं मराठीचं सेटिंग राह्यलं," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ते तुझं बारावीपासूनच राहिलंय. त्यानं सगळं पुसून पुन्हा भरलं, आणि या वेळी काना-मात्रा-वेलांटीसकट माझी पऱ्हाटी उभी राहिली. माझ्या बैठकीत, माझ्या मशीनवर. उत्तमसिंगांनी नारळ फोडला. त्याचं पाणी मशीनवर उडू नये म्हणून मी पदर आडवा धरला.

पाटी हलवली आणि खरा गोंधळ सुरू झाला. पाटी हलल्याची बातमी सगळीकडे एकदम पोचत नाही, ती हळूहळू पसरते. हे अय्याजनं मला पाटी हलवल्यानंतर सांगितलं. म्हणजे वणीच्या माणसानं पऱ्हाटी उघडली तर तो माझ्या बैठकीत यायचा, आणि पुसदच्या माणसानं तीच उघडली तर तो कंपनीच्या जुन्या घरात जायचा. मी नवी माहिती लिहिली नव्या घरी. सकाळी वणीहून फोन, "मॅडम, वाचलं, उपकार झाले." लगेच पुसदहून फोन, "मॅडम, आज काई लिवलंच नाई? तब्येत बरी हाय न?" दारव्ह्यात तर एकाच गल्लीतल्या दोन दुकानदारांत पैज लागली आणि मग भांडण. दोघांनी वेगवेगळं वाचलं होतं आणि दोघंही खरं बोलत होते.

"दोन्ही घरी दिवा लावत जा ना मॅडम," अय्याज म्हणाला. "सगळे इकडे येईपर्यंत तेच तेच दोन्हीकडं लिहा."

लिहिलं. आणि कंपनीच्या यंत्राला पुन्हा जाग आली. या वेळी त्याचं म्हणणं, आपण लिहिलेला मजकूर 'पऱ्हाटी' नावाच्या दुसऱ्या एका ठिकाणाहून चोरलेला आढळला आहे, सबब आपला ब्लॉग बंद करण्यात येत आहे.

वाचकहो, माझा विचार करा. आधी माणूस नाही म्हणाले. ते मी सोसलं. आता चोर म्हणाले, आणि चोरी कोणाच्या घरी? माझ्याच! मी कंपनीला असं पत्र लिहिलं की त्यातल्या क्रियापदांनी कागद जळाला असता. उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.

हरकत नाही, मी म्हटलं. बहुतेक वाचक आता नव्या घरी येतात. जुनं गेलं खड्ड्यात. आणि त्याच दिवशी दुपारी उत्तमसिंग धापा टाकत आले. त्यांचा साडू लखीराम कळंबच्या केंद्रावर काट्याशी असतो. त्याचा निरोप होता, की केंद्राच्या आवारात कापूस ठेवायला जागा उरली नाही, उद्यापासून कळंब बंद. राळेगाव मात्र सकाळी उघडणार. "आन् वैनी, उद्या कळंब सुरू हाय असं कालच सांगेल हाय लोकाईले. तांड्यावरच्या गाड्या दिवस मावळला की निघतेत."

मी मशीनपुढे बसले. 'क' टाइप केला, 'ळं' टाइप केला, आणि लाईट गेली.

लाईट जाणं आमच्याकडे बातमी नाही, ते वेळापत्रक आहे. त्यासाठी इन्व्हर्टर होता. पण निळा दिवा विझला, घूं थांबलं. मी मागे वळून पाहिलं. सर्व्हरचा प्लग साध्या बोर्डात खोचलेला होता आणि इन्व्हर्टरच्या बोर्डावर त्याच्या जागी वामनचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. इन्व्हर्टरवर बाकी पंखा आणि टीव्ही चालू होता, क्रिकेटसाठी.

"दहाच मिनिटं लावला होता," वामन म्हणाले.

त्यावर मी जे बोलले ते शुद्ध वऱ्हाडीत होतं. ते इथे देत नाही. प्लग परत लावेस्तोवर टीव्हीनं उरलीसुरली बॅटरी पिऊन टाकली होती आणि इन्व्हर्टरनं मान टाकली. वीज कचेरीला फोन केला, तर कुठली तरी मोठी लाईन तुटलेली, सगळा जिल्हा अंधारात, केव्हा येईल सांगता येत नाही.

तेवढ्यात अय्याज आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडी 'टेन्शन नका घेऊ' नव्हतं. "मॅडम, जनरेटर पायजे. गावात आता जनरेटर दवाखान्यात हाय, नाईतं इकबालचाचाच्या बर्फाच्या कारखान्यात."

दवाखान्यात ब्लॉग भरती करून घेतला नसता. मी ऑटो थांबवला आणि सर्व्हर मांडीवर घेऊन बसले. वायरी पदरात गुंडाळल्या. चौकात दोन माजी विद्यार्थ्यांनी मला नमस्कार केला आणि माझ्या मांडीकडे पाहत राहिले. एका नामवंत शिक्षिकेनं काळा डबा उराशी धरून भर दुपारी बर्फाच्या कारखान्याकडे जावं, यात काय अर्थ काढायचा तो गाव अजून काढतंच आहे.

इकबालभाई वामनचे शाळेतले मित्र. त्यांनी काही विचारलं नाही. "भाभी, मशीनले थंडी जागा लागते न? मंग इथून थंडी जागा यवतमाळात कोनती?" त्यांनी एक लाकडी खोका पुसला, बर्फाच्या लाद्यांपासून दूर ठेवला, वर कोरडं पोतं टाकलं. अय्याज कारखान्याच्या ऑफिसात गेला आणि तिथून ओरडलाच, "मॅडम! चाचाकडं कायमचा पत्ता हाय!"

"ते काय असते?" इकबालभाईंनी विचारलं. "एक पोऱ्या आला होता, म्हने कंपनीले घ्यावाच लागते. मी म्हनलं, दे बाबा."

मी डोळे मिटले. बर्फाच्या लादीचा भरवसा होता त्या साहेबांना. तासाभरात पाणी होणाऱ्या बर्फाचा!

अय्याजनं पाटी पुन्हा हलवली. पहिल्या फजितीनंतर त्यानं काहीतरी करून ठेवलं होतं, त्यामुळे या वेळी बातमी पसरायला दिवस लागले नाहीत, चहा होईपर्यंत काम झालं. मी गारठलेल्या बोटांनी लिहिलं : उद्यापासून कळंब बंद. राळेगाव सकाळी सुरू. गाड्या कळंबला नेऊ नका.

लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की जिल्हाभर लाईट नाही. कॅफे बंद. फळ्यावर उतरवणारा घरी झोपलेला. मी वाचकांसाठी मशीन मांडीवर घेऊन गावभर फिरले आणि वाचणार कोण? पडद्याच्या कोपऱ्यात वाचकांचा आकडा दिसतो, तो ढिम्म हलत नव्हता. इकबालभाईंनी आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. बाहेर दिवस मावळायला लागला होता. मी किसनसिंगांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्यांची बैलं आतापर्यंत जुंपली असतील.

मग आकडा एकानं हलला. आणखी एकानं. मग मोजता येईना. आणि माझा मोबाईल वाजला.

"मॅडम, गाड्या राळेगावले वळवल्या," किसनसिंग म्हणाले. मागून घुंगरांचा आवाज येत होता. "पुऱ्या तांड्याच्या."

"तुमच्याकडे लाईट आहे?"

"कायची लाईट जी! माही पोरगी सुरतेले हाय न, कापडाच्या हापिसात. ते रोज वाचते तुमचं. तिनंच फोन केला, बाबा, कळंबले जाऊ नोका."

त्यानंतर एकामागून एक कळत गेलं. कोणाचा भाऊ पुण्यात, कोणाचा भाचा हैदराबादेत, कोणाची सून नागपुरात. गाव सोडून गेलेली ही सगळी मंडळी सकाळ-संध्याकाळ पऱ्हाटी उघडून आपल्या माणसाची गाडी उद्या कुठे जाईल ते पाहत होती, आणि फोन करत होती. मला वाटायचं माझे वाचक कळंबच्या स्टँडवर आहेत. इतक्या दिवसांत एकानंही कधी हे मला सांगितलं नव्हतं. याचाही मला रागच आला. फक्त तो नेहमीसारखा वर चढेना.

सुदैवानं तेवढ्यात पुण्याहून कोणा गृहस्थांचा अभिप्राय येऊन पडला : 'आज दुपारी पान उघडण्यास फार विलंब झाला. संपादकांनी वाचकांच्या वेळेची कदर करावी.'

मी शाल बाजूला टाकली. बाह्या सरसावल्या. या गृहस्थांना काय लिहायचं ते मला शब्दन् शब्द सुचलं होतं, इतकं सुचलं होतं की बर्फाच्या कारखान्यात मला घाम आला. पण मी कळफलकाला हात लावण्याआधीच त्यांच्या खाली कोणीतरी उत्तर लिहिलेलं होतं. नावाच्या जागी फक्त 'सुरत' होतं.

'काहून जी, तुमाले पुन्यात बसुन कायची एवढी घाई झाली? तिकडे लाईट नाई, तरी मॅडमनं लीहलं. आमचे बाबा बैलगाडीवर रातभर जानार हायेत. तुमी पाच मिनीटं थांबा न.'

मी ते वाचलं. अय्याजनं वाचलं, इकबालभाईंनी अय्याजकडून वाचून घेतलं. मी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या.

त्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. त्या दुरुस्त करायची सोय माझ्या मशीनवर आहे. मी त्यांना हात लावला नाही.